घडीचा चाकू आणि सलग चाकू: ताकद व टिकाऊपणाच्या चाचण्या (प्रकल्प नोंदी, बेळगाव-खानापूर)

३ जून: आराखडा

घडीचा चाकू घ्यावा की सलग, या प्रश्नाचं उत्तर बाजारात बहुतेक वेळा पोलादाच्या नावावर मिळतं. ते उत्तर अपुरं आहे. दोन वेगळ्या बनावटीचे चाकू शेजारी ठेवले तर पोलाद वेगळं, पाणी (तापवून-विझवून कडक करणं) वेगळं, पात्याची जाडी वेगळी. मग एखादा मोडला तर तो घडीमुळे मोडला की पोलादामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून या कामात सगळी पाती एकाच पट्टीतून कापायची, एकाच भट्टीत तापवायची आणि एकाच तेलात विझवायची. फरक राहील तो फक्त बांधणीचा.

नमुने असे:

स-१: सलग, पूर्ण शेपटी. पात्याची रुंदी मुठीच्या टोकापर्यंत कायम, दोन्ही बाजूंनी शिसवी फळ्या.
स-२: सलग, मुठीत जाणारी शेपटी ८ मिमी रुंद, खांद्याचा (पातं संपून शेपटी सुरू होते तिथला) कोपरा काटकोनात.
स-३: स-२ सारखाच, पण खांद्याला ३ मिमी त्रिज्येची गोलाई.
घ-१: घडीचा, लायनर लॉक. मुठीच्या आतली स्प्रिंग पट्टी (लायनर) पात्याच्या बुडाला टेकून ते उघडं धरते.
घ-२: घडीचा, पाठीवरचा खटका (लॉकबॅक). मुठीच्या पाठीवरच्या पट्टीचा आकडा पात्याच्या खाचेत बसतो.
घ-३: घडीचा, खटका नाही, नुसत्या स्प्रिंगचा.

सगळ्यांचं पातं ९० मिमी लांब, २२ मिमी रुंद, पाठ ३ मिमी जाड. धारेमागची जाडी ०.४ मिमी, धारेचा कोन दर बाजूला २० अंश.

७ जून: कापणी आणि भोकं

पट्टी सी-८०, म्हणजे कार्बन सुमारे ०.८ टक्के असलेलं साधं स्प्रिंग पोलाद, नरम अवस्थेतलं. ट्रकच्या जुन्या पाट्यांचं पोलाद मुद्दाम टाळलं. कोयत्याला ते उत्तम असतं, पण जुन्या पाट्यात नजरेला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि मग चाचणीचा निकाल त्या चिरेचा निघतो.

घडीच्या पात्यांची बिजागरीची भोकं पाणी देण्याआधीच रीमरने नेमक्या मापाला आणली, ५ मिमी एच-७, म्हणजे ५ मिमीपेक्षा शून्य ते १२ मायक्रॉन मोठी. इथे एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. दुकानात सहज मिळणारी डॉवेल पिन एम-६ मापाची असते, म्हणजे ५ मिमीपेक्षा ४ ते १२ मायक्रॉनने जाड. ती एच-७ भोकात घट्ट बसते, फिरत नाही. बिजागरीला फिरती बसणी हवी, म्हणून एच-६ ला (५ मिमी किंवा त्याहून ८ मायक्रॉनपर्यंत बारीक) घासलेला सिल्व्हर स्टीलचा रॉड घेतला. पिन आणि भोक यांतली मोकळीक त्याने शून्य ते २० मायक्रॉन राहते.

लायनर १.२ मिमी जाडीच्या, आधीच निळं पाणी उतरवलेल्या (निळा रंग येईपर्यंत तापवून कडकपणा कमी केलेल्या) स्प्रिंग पट्टीचे. तिला भोक पाडायला कोबाल्ट ड्रिल लागतं. साधं एचएसएस ड्रिल दोन भोकांत बोथट होतं आणि पट्टी घासून तापवतं. तापली की तिथली स्प्रिंग गेली, आणि नेमक्या त्या जागी पुढे लॉकची पट्टी ढिली पडते.

१२ जून: पाणी

८१० अंशांना ठेवून, आतपर्यंत सारखा ताव आल्यावर, ५५ अंशांपर्यंत कोमट केलेल्या पातळ क्वेंचिंग तेलात टोक खाली करून सरळ सोडली. गावच्या भट्टीवर हेच काम करायचं असेल तर लोहचुंबक हाताशी ठेवावा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं, त्यापुढे थोडाच ताव हवा. डोळ्यांनी रंग पाहून ओळखायचं तर काम सावलीत करावं. जूनच्या ढगाळ उजेडात चेरी लाल दिसणारा ताव दुपारच्या उन्हात काळपट दिसतो, मग माणूस भाता मारत राहतो आणि पोलादाचा दाणा मोठा होतो. असं पातं कडक निघतं, पण पडलं की तुटतं.

तेलातून काढल्यावर हाताला सोसेल इतकं गार होताच २१० अंशांना दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या रॉकवेल मशीनवर पाती ५९ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप).

सलग चाकूंच्या शेपट्या वेगळ्या उतरवायच्या: पातं ओल्या फडक्यात गुंडाळून शेपटीवर गॅसची ज्योत, निळा रंग येईपर्यंत. स-२ मुद्दाम उतरवला नाही. शेपटीसकट ५९ एचआरसी. घाईत बनवलेल्या बारीक शेपटीच्या सुऱ्या अशाच असतात, आणि त्या कशा वागतात ते पाहायचं आहे.

घडीच्या पात्याचा मुठीकडचा भाग मात्र उतरवायचा नाही. लॉकची पट्टी तिथे टेकते. तो नरम राहिला तर दर उघडझापीला थोडा चेपतो.

१५ जून: लॉकचा कोन

घ-१ चं सगळं यश एका छोट्या उतारावर आहे. लायनरचं टोक पात्याच्या बुडाला जिथे टेकतं, तो पृष्ठ सरळ नसतो, तिरका असतो. हा तिरकेपणा घर्षणाच्या कोनापेक्षा कमी असला तरच लायनर दाबाखाली घसरत नाही. पोलादावर पोलाद, कोरडं, घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षणाचा कोन ८.५ अंश. म्हणून लायनर लॉकचा उतार ७ ते ८ अंशांत ठेवतात. आपण ७.५ घेतला. पाच-सहा अंशांवर आणला तर लॉक घट्ट रुततो आणि अंगठ्याने सुटत नाही.

पण त्याच पृष्ठाला तेल लागलं की घर्षणांक ०.१० च्या आसपास उतरतो आणि कोन ५.७ अंशांवर येतो. म्हणजे ७.५ अंशांचा उतार आता घसरणीचा झाला. लायनर लॉकच्या चाकूत तेल वॉशरला द्यायचं, लॉकच्या तोंडाला नाही. तिथे तेल गेलंच तर चिंधीला थोडं पेट्रोल लावून पुसून टाकायचं. लायनर लॉक वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण 'सगळीकडे तेल सोड' ही चांगल्या मनाने केलेली देखभाल इथे बोटावर येऊ शकते.

बसवताना लायनरचा स्पर्श पात्याच्या जाडीच्या ३० टक्क्यांवर ठेवला. झीज झाली की लायनर आत सरकत जातो, त्याला जागा उरली पाहिजे.

वॉशर फॉस्फर ब्राँझचे, ०.५ मिमी, बाहेरचा व्यास १२ मिमी. पाणी दिल्यावर भोकांत खवली धरली होती. पितळी रॉडला लॅपिंग पेस्ट लावून ती काढली. रीमर पुन्हा घालायचा नाही, रीमरच जातो.

१८ जून: चाचणीची चौकट आणि आधीचा हिशोब

चौकट चॅनेलची, मूठ वाईसमध्ये, पाठ वर, धार खाली, आणि बिजागरीपासून ७५ मिमी अंतरावर वजन टांगायचं. वजन पातं बंद करायच्या दिशेने ओढतं. वाळूच्या पिशव्या, दर पायरीला २ किलो. पिशवी जमिनीपासून वीतभरच वर असावी, सुटली तरी उसळत नाही. धार सगळ्या नमुन्यांची बोथट, वरून कापडी टेप, समोर १२ मिमीचा प्लाय. लॉक सुटतो तेव्हा पातं क्षणात फिरतं. चौकटीत हात घालायचा नाही, वजन काढायचं तर आधी जॅकने पिशवी उचलायची.

टांगण्याआधी हिशोब केला, कारण हिशोब नसला तर तुटलेली वस्तू फक्त तुटलेली दिसते.

बिजागरीच्या मध्यापासून लॉकच्या तोंडापर्यंत अंतर फक्त ९ मिमी आहे. वजन ७५ मिमीवर. म्हणजे टोकाकडे १ किलो लावला की लॉकवर ८.३ किलो येतात. १० किलोला ८३, २४ किलोला २००. घडीच्या चाकूची खरी अडचण या आखूड भुजेत आहे. पिन जाड केली, लॉकला कुठलंही नाव दिलं, तरी हे गुणोत्तर बदलत नाही. ते फक्त पात्याचं बूड रुंद केल्याने बदलतं, आणि बूड रुंद केलं की मूठ खिशात मावत नाही.

पिनचं काय? ५ मिमी पिनचा छेद १९.६ चौ. मिमी, दोन ठिकाणी कातर, म्हणजे ३९ चौ. मिमी. वजनाचे २४ आणि लॉकचे २०० मिळून २२४ किलोला ताण पावणेसहा किलो प्रति चौ. मिमी. सिल्व्हर स्टीलला हे काहीच नाही. पिन तुटणार नाही.

लायनर मात्र दाबाखालचा बारीक खांब आहे. मोकळी लांबी ३५ मिमी, रुंदी ८, जाडी १.२. ऑयलरच्या सूत्राने (बारीक खांब किती दाबाला वाकतो ते सांगणाऱ्या), दोन्ही टोकं फिरती धरून, तो १९४ किलोला पोट काढेल. उलटा हिशोब केला तर ७५ मिमीवर २३ किलो. अंदाज कागदावर लिहून वाईसजवळ चिकटवला.

२० जून: खटक्यावर वजन

घ-३ (नुसती स्प्रिंग) २ किलोला मिटला. अपेक्षितच. हा दोष नव्हे. स्प्रिंगचा चाकू धारेच्या बाजूने दाब देऊन कापायला आहे, पाठीवर भार घ्यायला नाही. फळं, सुतळी, पेन्सिल, रोपांच्या कोवळ्या फांद्या.

घ-१ चा लायनर २२ किलोला हलका वाकलेला दिसला, २४ किलोला मुठीच्या फळीकडे पोट काढून सुटला. तोंडावर रेघ उठली आहे, पण घसरल्याची लांब खूण नाही. आधी वाकला, मग सुटला. हिशोबाशी जुळतं.

घ-२ ४० किलोपर्यंत टिकला, पण तिथे खटक्याच्या पट्टीची ३ मिमी पिन वाकली. ती साध्या लोखंडाची होती. खाच आणि आकडा दोन्ही जागच्या जागी. पिन सिल्व्हर स्टीलची केली तर अजून वर जाईल, आणि पुढच्या नमुन्यात तशीच करायची.

सलग चाकू तिन्ही ६० किलोपर्यंत नेले आणि थांबवले, कारण चौकटीची मर्यादा तेवढीच. या दिशेने पात्याचा छेद ३ गुणिले २२ आहे. छेदांक (छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप) २४२ घन मिमी, ६० किलोला ताण १९ किलो प्रति चौ. मिमीच्याही खाली. बारीक शेपटीलाही या दिशेने ३२ घन मिमी मिळतात. पाठीवर किंवा धारेवर येणाऱ्या भाराला सलग चाकूत काही होत नाही, ही गोष्ट इथे संपते.

२४ जून: आडवा भार

कामात चाकू मोडतात ते बहुतेक असे: पातं लाकडात किंवा डब्याच्या झाकणात रुतलेलं आणि माणूस मूठ बाजूला ओढतो. त्या भाराला पात्याची जाडी ३ मिमीच उभी असते. छेदांक २२ × ३ × ३ ÷ ६, म्हणजे ३३ घन मिमी. जाडीचा वर्ग येतो, हे लक्षात ठेवावं. ३ मिमीचं पातं ४ मिमी केलं तर आडवी ताकद पावणेदोन पटीहून थोडी जास्त होते, पण कापण्याची सहजता उतरते.

स-१: ७५ मिमीवर २० किलो, ताण ४५ किलो प्रति चौ. मिमी. हिशोबाने झुक २.७ मिमी, पातं धारेकडे उतरतं केलेलं असल्याने प्रत्यक्षात ४ मिमीच्या जवळ. भार काढल्यावर हालचाल मोजणारा डायल शून्यावर.

घ-१ आणि घ-२: इथे भार पात्यातून थेट मुठीत जात नाही. १२ मिमीच्या वॉशरच्या दोन कडा एकमेकींविरुद्ध दाबतात, त्यांच्यातलं कामाचं अंतर साधारण १० मिमी. २० किलो गुणिले ७५, भागिले १०: दीडशे किलो लायनरांना फाकवतात. ८ किलोपर्यंत दोन्ही चाकू परत जागेवर आले. १२ नंतर टोकाची हालचाल कायमची राहिली. २० किलोला घ-१ च्या, दोन लायनरांना जोडणाऱ्या खुंटीतल्या स्क्रूचे आटे गेले. काहीही तुटलं नाही, पण चाकू सैल झाला आणि नुसते स्क्रू आवळून तो पूर्वीसारखा होत नाही, कारण लायनर वाकलेला असतो.

स-३ २० किलोच्या सुमारास खांद्याजवळ वाकू लागला. वाईसमध्ये धरून सरळ करता आला.

स-२ १८ किलोला खाडकन तुटला. पातं प्लायला जाऊन आदळलं.

२७ जून: स-२ का तुटला

या नोंदींत सर्वांत उपयोगाची हीच. सलग म्हणजे भक्कम असं लोक धरून चालतात, आणि आडव्या भाराला सर्वांत आधी दोन तुकडे झाले ते सलग चाकूचेच. घडीचे चाकू नुसते सैल झाले.

शेपटीचा छेद ८ × ३. आडव्या दिशेने छेदांक फक्त १२ घन मिमी, म्हणजे पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. २० किलोला नुसता हिशोबी ताण १२५ किलो प्रति चौ. मिमी. त्यात काटकोनी कोपरा. कोपऱ्यात ताण गोळा होतो, दुपटीच्या आसपास. २५० झाले. ५९ एचआरसीच्या पोलादाची ताण सोसायची हद्द साधारण २२० आहे. आणि इतकं कडक पोलाद वाकून इशारा देत नाही.

तुटलेल्या तोंडावर बारीक, राखाडी, मखमली दाणा आहे, म्हणजे पाणी बरोबर होतं. दाणा साखरेसारखा चमकदार असता तर जास्त तापल्याचा दोष धरावा लागला असता. इथे दोष पोलादाचा नाही, कोपऱ्याचा आणि न उतरवलेल्या शेपटीचा.

बाजारातला चाकू घेताना मूठ उघडून पाहता येत नाही. मग निदान एवढं पाहावं: पातं मुठीत शिरतं तिथे शेंबी आहे का, मूठ ठोकल्यावर पोकळ वाजते का, आणि पूर्ण शेपटीचा असेल तर मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी शेवटपर्यंत दिसते का. घरी बनवणाऱ्याने गोल कानस घेऊन खांद्याला ३ मिमी गोलाई द्यावी आणि शेपटी निळी करावी. पाच मिनिटांचं काम.

१ जुलै: पाठ ठोकणे

लॉक तपासायला उघडा चाकू पाठीवर लाकडावर आपटून पाहण्याची पद्धत आहे. ती या कामातून वगळली. धक्क्यात लायनर क्षणभर उसळतो आणि तोंडापासून सुटतो, म्हणून स्थिर भाराला चांगला असलेला लॉकही कधी मिटतो, कधी नाही. आपटणाऱ्याच्या हातावर निकाल ठरतो. शिवाय प्रत्येक आपटीने लॉकचं तोंड चेपलं जातं. उघडून पाठीवर तळहाताने हळूहळू वाढता दाब द्यावा, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. तेवढी परीक्षा पुरे.

४ जुलै: धार

६ मिमी काथ्याची दोरी, खाली वजनकाटा, वर फळी. पात्याच्या त्याच ४० मिमी भागाने दाबून कापायचं आणि कापायला लागलेलं वजन लिहायचं. सुरुवातीला ४ किलोच्या जवळपास, ८ किलो लागले की धार गेली असं धरायचं.

घडीचा आणि सलग, दोन्हींची धार सारखीच टिकली. व्हायलाच हवं, पोलाद आणि पाणी एक आहे. घडीचे चाकू जास्त धारदार वाटतात, कारण बनवणारे त्यांची पाती पातळ ठेवतात. २ मिमीचं पातं कुठल्याही मुठीत बसवा, टोमॅटो तसाच कापला जाईल.

धारेला मारणारी गोष्ट दोरीतली माती. बाजारात रताळ्यांच्या पोत्यावरची सुतळी कापणाऱ्याचा चाकू लवकर बोथट होतो, त्यात सुतळीचा दोष कमी, लाल मातीतल्या कणांचा जास्त.

८ जुलै: कणकुंबीला टांगले

घ-१, घ-२, स-१ आणि स-३ खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत एका पडवीच्या वळचणीला. पाऊस थेट नाही, पण दमट हवा आणि तुषार चोवीस तास. स-१ चामड्याच्या म्यानात, स-३ पीव्हीसी पाइप तापवून चपट्या केलेल्या म्यानात, तळाला ६ मिमीचं निचऱ्याचं भोक. सगळ्या पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात.

२२ जुलै: उतरवले

सर्वांत जास्त गंज स-१ वर. चामड्याचं म्यान पाणी धरून ठेवतं, आणि सालीने कमावलेल्या चामड्यातलं आम्ल पोलादाला खातं. म्यानाच्या शिवणीची रेघ पात्यावर गंजाने उमटली आहे. स-३ वर ठिपके, फडक्याने निघाले. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला सलग चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नये. पातं बाहेर काढून खुंटीला, म्यान वेगळं चुलीच्या वरच्या फळीवर.

घडीचे चाकू बाहेरून बरे दिसत होते. उघडल्यावर कळलं: ब्राँझ वॉशरच्या बरोबर खाली पात्यावर गंजाचं कडं. ब्राँझ आणि पोलाद ओलाव्यात एकत्र आले की झिजतं ते पोलाद. घ-२ मध्ये खटक्याच्या खाचेत तांबडा चिखल साठला होता आणि आकडा पूर्ण बसत नव्हता. अशा अवस्थेत २० जूनचे ४० किलो विसरायचे. अर्धवट बसलेला आकडा हाताच्या जोराने सुटला.

उपाय: जोडताना वॉशरखाली लिथियम ग्रीसचा पातळ थर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सांधा रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून उघडझाप, मग सुकवून एक थेंब तेल. शेंगदाण्याचं तेल वापरू नये, ते हवेने चिकट होऊन वार्निशसारखं बसतं. जेवणाच्या वस्तू कापायच्या असतील तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन.

५ ऑगस्ट: उघडझाप आणि माती

वायपरची १२ व्होल्टची मोटर, संथ वेगाला मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे, क्रँकने पातं उघड-बंद. १०,००० वेळा म्हणजे सव्वाचार तास. चाचणी घ-१ च्या बांधणीच्या तीन चाकूंवर: एक स्वच्छ तेल दिलेला, एक खानापूरची लाल माती चिमटीने सांध्यात सोडलेला, एक अथणीकडच्या काळ्या मातीचा ओला लगदा भरून सुकवलेला.

टोकाची हालचाल मोजायची रीत: मूठ वाईसमध्ये, डायल ९० मिमीवर, दोन्ही बाजूंना अर्धा किलोचा ओढ. हिशोब असा की वॉशरच्या १२ मिमीवर ०.०५ मिमी ढिलाई आली तर टोकाला ती ९० ÷ १२, म्हणजे साडेसात पट होऊन पावणेचार दशांश मिमी दिसते. हाताला 'चाकू हलतो' असं जाणवतं तेव्हा सांध्यातली खरी झीज केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते.

स्वच्छ चाकू: सुरुवातीला ०.१५, शेवटी ०.२० मिमी. लॉकचा स्पर्श ३० टक्क्यांवरून ४५ वर सरकला आणि तिथे स्थिरावला. एवढ्या उघडझापीला घडीचा सांधा सहज पुरतो.

लाल माती: २,००० वेळांतच ०.६ मिमी. वॉशरवर गोल रेघा, कारण मातीतले कठीण कण मऊ ब्राँझमध्ये रुततात आणि मग पात्याला घासतात. धुऊन वॉशर बदलले की हालचाल ०.२५ वर आली, म्हणजे पात्याचं भोक फारसं झिजलेलं नाही. वॉशर झिजावेत यासाठीच असतात, पिशवीत जास्तीची जोडी ठेवावी.

काळी माती: झिजायची वेळच आली नाही. सुकलेली चिकणमाती लायनर आणि फळी यांच्यामध्ये धरली आणि लायनर पूर्ण आत येईना. स्पर्श १० टक्क्यांच्या खाली. पातं उघडं दिसतं, टक् असा आवाजही येतो, पण लॉक कडेवर उभा असतो. चिकोडी-अथणी-रायबागच्या काळ्या रानात ही खरी भीती आहे. लाल माती चाकू झिजवते, काळी माती लॉकला फसवते. उघडल्यावर लायनर कुठपर्यंत आला ते डोळ्यांनी पाहायची सवय करावी.

सलग चाकूला या चाचणीत स्थान नाही. नळाखाली धरला की झालं, आणि टिकाऊपणाचा सर्वांत मोठा फरक हाच आहे.

२० ऑगस्ट: लायनर १.५ मिमी

पोट काढण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. १.२ चे १.५ केल्यावर १.९५ पट, कागदावर ३७९ किलो, म्हणजे ७५ मिमीवर ४५ किलो. प्रत्यक्षात ३८ ला तोंड चेपून लायनर आत सरकला, वाकला नाही. आता आधी थकणारी जागा बदलली. यापुढे लायनर जाड करून फायदा नाही, तोंडाचा स्पर्श वाढवावा लागेल. दोन लायनरांना मिळून ०.६ मिमी जाडी वाढली, वजन किंचित. बनवणाऱ्यांनी १.५ च घ्यावं.

पाठीवरचा खटका १९६४ साली बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूने घरोघरी नेला, आणि फ्रान्सच्या ओपिनेलची फिरती कडी १९५५ पासून आहे. दोन्ही आजही चालतात, कारण त्यांचे भाग मोजके आणि जाड आहेत. नवा लॉक शोधण्यापेक्षा जुना लॉक नीट बसवणं इथे जास्त कामाचं आहे.

१२ सप्टेंबर: कुठल्या कामाला काय

उसाचं कांडं, शेवग्याची फांदी, कुंपणाची बाभूळ: सलगच, आणि खरं तर कोयता. घडीच्या चाकूवर दुसऱ्या लाकडाने ठोकून फाडणी करू नये. प्रत्येक ठोका ८.३ पट होऊन लॉकवर जातो.

बोकड सोलणे, मासळी: सलग, पूर्ण शेपटी, फळ्या एपॉक्सीने सांधलेल्या. घडीच्या सांध्यात रक्त आणि चरबी जाते, ती निघत नाही आणि कुजते.

कलमं बांधणे, दावं कापणे, पोत्याची शिवण, वायरची साल, दुपारचा कांदा: घडीचा. दिवसभर कमरेला सलग चाकू बाळगण्यापेक्षा खिशातला चाकू वेळेला हाताशी असतो, आणि या कामांत आडवा भार ३-४ किलोच्या वर जात नाही. आपली हद्द ८ आहे.

चामडं कापायला दोन्ही नकोत. अथणी-निपाणीचे चप्पल कारागीर रापी वापरतात ती योग्यच. धार पुढे, जोर सरळ तळहातातून, सांधा नाही, आडवा ओढ नाही.

झाकण उचकटायला कुठलाही चाकू नको. टायर लिव्हर घ्या.

२६ सप्टेंबर: पुढच्या तुकडीसाठी मापं

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं परवान्याच्या वर्गात येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली सोडून. आपली ९० मिमीची पाती यापासून फार लांब आहेत. तरीही जमावबंदीचा आदेश असताना गावात कमरेला चाकू लावून फिरू नये.

सलग: पाठ ३.५ मिमी, पूर्ण शेपटी, शेपटी निळी उतरवलेली, ५ मिमीच्या दोन पितळी पिना, म्यान पीव्हीसीचं, निचऱ्याचं भोक कायम.

घडीचा: पाठ २.५ मिमी, कारण या चाकूला आडवा भार द्यायचाच नाही, मग कापायला तरी सोपा असावा. पातं ८० मिमीवर आणायचं, भुजा कमी झाली की लॉकवरचं ओझं तेवढंच कमी. लायनर १.५, उतार ७.५ अंश, पाठीला स्पेसर न लावता दोन खुंट्या, म्हणजे मूठ आरपार उघडी राहते आणि काळी माती काडीने बाहेर काढता येते. बिजागरीचा स्क्रू टी-८ (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा), त्याला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा चिकटपदार्थ) एकच थेंब. जास्त लावला तर तो वॉशरमध्ये उतरतो आणि चाकू जाम होतो.

खटक्याच्या पट्टीची पिन सिल्व्हर स्टीलची. घ-२ वर पाठीचा भार पुन्हा टांगायचा आहे. चौकटीला आडवा चॅनेल वेल्ड करून तिची हद्द आधी १०० किलोवर न्यायची, मगच पिशव्या लावायच्या.